नृत्याच्या सभागृहात एकटे जाताना

नाताळ जवळ आला की मुंबई, वसई आणि गोवा येथील नातेवाइकांची निमंत्रणे आपल्या नाशिक धर्मप्रांतातील घराघरांत येऊ लागतात. कुठे धर्मग्रामाच्या सभागृहात नृत्यसंध्या असते, कुठे जिमखान्यात वर्षअखेरीचा बॉल, तर कुठे लग्नाचे रिसेप्शन. अशाच एका निमंत्रणाविषयी निफाड येथे राहणाऱ्या एका भगिनीने आम्हाला प्रश्न विचारला. त्यांचे बालपण रेल्वेवस्तीत गेले. वॉल्ट्झ आणि फॉक्सट्रॉट त्या वडिलांच्या पायांवर पाय ठेवून शिकल्या. पुढे लग्न झाले, पतीच्या नोकरीमुळे त्या या तालुक्यात आल्या, आणि पती देवाघरी गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षे, त्यांनी नृत्याच्या फरशीवर पाऊल ठेवलेले नव्हते. आता भाचीने मुंबईला बोलावले होते. भाची स्वतः आयोजनात गुंतलेली, म्हणजे सभागृहात या एकट्याच. "लोक काय म्हणतील ते राहू द्या," त्या म्हणाल्या, "आत गेल्यावर मी उभी कुठे राहू, एवढे सांगा."

प्रश्न साधा वाटतो. परंतु बॉलरूम नृत्याचे पुष्कळसे रीतिरिवाज याच अडचणीपोटी निर्माण झाले आहेत. जे नृत्य दोघांनी करावयाचे, तेथे एकट्या आलेल्या माणसाची सोय कशी लावायची, हा विचार आपल्यापूर्वीच्या पिढ्यांनी बारकाईने केलेला आहे. तो समजून घेतला तर पुष्कळशी भीती उंबरठ्याबाहेरच राहते.

निफाड म्हटले की द्राक्षांचे मळे, लासलगावचा कांदा, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे जन्मस्थान आणि हिवाळ्यातील कडाक्याची थंडी आठवते. वॉल्ट्झ आठवत नाही, आणि आठवावा असे कारणही नाही. आपल्या धर्मप्रांतातील बहुतेक मराठी कुटुंबांच्या अंगवळणी लेझीम, ढोल, फुगडी आणि भजनाचा ठेका आहे. झिम्म्याच्या फेरात एखादी बाई उशिरा आली तर दोघीजणी हात सोडून तिला मध्ये घेतात; फेर थोडा मोठा होतो, एवढेच. बॉलरूम नृत्यात असे होत नाही. तेथे जोडी लागते, आणि गाठ तेथेच बसते.

तरीही हे नृत्य आपल्याला अगदी परके नाही. १८६५ मध्ये लोहमार्गाने थळ घाट सर केला आणि पुढे इगतपुरी, मनमाड, भुसावळ येथे रेल्वेच्या मोठ्या वस्त्या उभ्या राहिल्या. इंजिनचालक, गार्ड, कारखान्यातील कारागीर यांत अँग्लो-इंडियन आणि गोवेकर कुटुंबे पुष्कळ होती. देशभरातील रेल्वेवस्त्यांमध्ये कर्मचाऱ्यांसाठी 'इन्स्टिट्यूट' असे. तेथे बिलियर्ड्सचे टेबल, वाचनालय आणि नाताळात गुळगुळीत केली जाणारी नृत्याची फरशी असा थाट असायचा. १९४७ नंतर यांतील अनेक घरे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि कॅनडाकडे गेली. दरम्यान निफाड तालुक्यातच ओझर येथे १९६४ मध्ये विमानांचा कारखाना आला आणि त्याबरोबर देशाच्या निरनिराळ्या भागांतील कुटुंबे येथे राहावयास आली. तेव्हा द्राक्षांच्या या तालुक्यातही एखाद्या घरात जुन्या ट्रंकेत नृत्याचे बूट जपून ठेवलेले असणे अशक्य नाही.

बॉलरूम नृत्य हे एकच नृत्य नव्हे. वॉल्ट्झ तीन मात्रांचा. दादऱ्याची सवय असलेल्या कानाला तो चटकन ओळखीचा वाटतो. मध्य युरोपातून तो अठराव्या शतकाच्या अखेरीस पसरू लागला, आणि स्त्रीपुरुषांनी एकमेकांना धरून गिरक्या घ्यावयाच्या असल्यामुळे आरंभी त्याच्यावर पुष्कळ टीका झाली. फॉक्सट्रॉट चार मात्रांचा. तो १९१४ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये लोकप्रिय झाला. क्विकस्टेप त्याचेच द्रुत रूप. जाइव्ह दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन सैनिकांबरोबर जगभर गेला, आणि चा-चा-चा १९५० च्या दशकात क्यूबामधून आला. गोव्यातील ख्रिस्ती समाजाने या पाश्चात्त्य नृत्यांना स्वतःची जोड दिली. एकोणिसाव्या शतकात तेथे बहरलेल्या मांडो नृत्यात स्त्रिया आणि पुरुष समोरासमोर दोन ओळींत उभे राहतात, पंखा आणि रुमाल हलवीत पुढे-मागे सरकतात, स्पर्श मात्र करीत नाहीत.

मुंबईत ही परंपरा नेली ती मुख्यतः गोव्याच्या वादकांनी. चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकलेले हे वादक रात्री हॉटेलांत जॅझ आणि नृत्यसंगीत वाजवीत, दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला जात. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस, पुढे ख्रिस पेरी ही त्यांतील ठळक नावे. ख्रिस पेरी यांच्या बँडमध्ये गाणारी लॉर्ना कॉर्देर ही गायिका १९७० च्या दशकात रंगमंचावरून दूर झाली. दोन दशकांहून अधिक काळ ती गायली नाही, आणि १९९५ मध्ये गोव्यात पुन्हा उभी राहिली तेव्हा श्रोते तिची वाट पाहतच होते. तिला जमले म्हणून सर्वांना जमेल असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. ती लॉर्ना होती. आपल्यासारख्यांची वाट पाहत कोणी ताटकळलेले नसते, आणि खरे सांगायचे तर ते सोयीचेही असते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जुन्या काळी नृत्याच्या सभागृहात भिंतीलगत खुर्च्या मांडलेल्या असत. त्यांवर मुली, आणि मुलींशेजारी त्यांच्या आया किंवा मावश्या. मुलगे समोरच्या बाजूला घोळका करून उभे. एकाने सारी फरशी ओलांडून जावयाचे, वाकून विचारावयाचे, आणि नकार मिळाला तर तीच फरशी सर्वांच्या देखत पुन्हा ओलांडून परतावयाचे. त्या वेळी मुलांचीही छाती धडधडत असे, हे आज आजोबा झालेले गृहस्थ हसत कबूल करतात. ज्या मुलीला कोणीच विचारीत नसे तिला इंग्रजीत 'वॉलफ्लॉवर' म्हणत. शब्द गोड आहे, पण ज्या मुलीला तो ऐकावा लागला तिला तो गोड लागला नसावा. नकारालाही शिस्त होती. एखाद्या मुलीने एकाला नकार दिला, तर त्या गाण्यापुरते तिने दुसऱ्या कोणाबरोबरही नाचू नये, असा संकेत होता. नकार व्यक्तीला नसून त्या गाण्याला आहे, असा त्याचा अर्थ लावता येई आणि विचारणाऱ्याची लाज राखली जाई.

भिंतीवरच्या खुर्च्या रिकाम्या करण्यासाठी काही युक्त्या रूढ झाल्या. त्यांपैकी 'पॉल जोन्स' ही आम्हाला सर्वांत हुशारीची वाटते. स्त्रियांचे वर्तुळ आत, पुरुषांचे बाहेर. दोन्ही वर्तुळे उलट दिशांनी फिरतात, संगीत थांबले की जो समोर येईल तो जोडीदार. थोडा वेळ नाच, मग पुन्हा वर्तुळ. येथे कोणी कोणाला निवडीत नाही, म्हणून कोणी न निवडलेलाही राहत नाही. दुसरा प्रकार 'एक्सक्यूज-मी'चा. नाचणाऱ्या जोडीजवळ जाऊन खांद्याला हलकेच स्पर्श करावा, आणि पहिल्याने कुरकुर न करता बाजूला व्हावे. तिसरा, काही गाणी 'लेडीज चॉइस' म्हणून जाहीर करण्याचा. त्यात विचारण्याचा मान स्त्रियांचा. आपल्याकडच्या समारंभांत यांची घोषणा करणारा सूत्रधार, ज्याला सर्वजण एमसी म्हणतात, तो केवळ विनोद सांगण्यासाठी नसतो. चांगला एमसी अर्ध्या तासात हेरतो की कोणत्या टेबलावर कोण एकटे बसले आहे, आणि पुढची घोषणा त्यानुसार करतो. आज तर पुष्कळ ठिकाणी रांगेत उभे राहून करावयाची लाइन डान्सेस असतात; त्यांना जोडीदाराची गरजच नाही. गोव्याच्या आणि मुंबईच्या लग्नांत शेवटी जो 'मसाला' वाजतो, त्या कोंकणी गाण्यांच्या गुच्छावर तर सारे सभागृह एकाच घोळक्यात नाचते. झिम्म्याचा फेर तेथे पुन्हा भेटतो म्हणा ना.

एकटे जाण्याविषयी जो संकोच वाटतो, त्यात श्रद्धेचाही एक धागा असतो. "हे आपल्या धर्मात बसते का?" असे दबक्या आवाजात विचारले जाते. ख्रिस्तसभेने या बाबतीत नेहमीच सावधगिरी बाळगली आहे, हे लपविण्याचे कारण नाही. संत फ्रान्सिस डी सेल्स यांनी १६०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या भक्तिमार्गावरील ग्रंथात नृत्याची तुलना अळंब्यांशी केली आहे: उत्तमातले उत्तम अळंबे झाले तरी त्यात विशेष सत्त्व नाही, तेव्हा खायचेच तर थोडे खावे. नाचून झाल्यावर कोणकोणत्या गंभीर गोष्टींचे चिंतन करावे, याची त्यांनी दिलेली यादी आजच्या वाचकाचा उत्साह क्षणात थंड करील. मात्र याच संतांनी पुढे म्हटले आहे की करमणुकीसाठी, क्वचित आणि थोडा वेळ नाचण्यास हरकत नाही, आणि इतरांच्या आनंदात सौजन्याने सहभागी होणे हे प्रीतीचेच अंग आहे. त्यासाठी ते हंगेरीच्या संत एलिझाबेथचा दाखला देतात. ती प्रसंगी खेळे आणि नाचेही, त्यामुळे तिची भक्ती उणावली नाही. १९१६ मध्ये रोमहून निघालेल्या एका आदेशाने अमेरिकेतील धर्मगुरूंना, धर्मादाय कार्यासाठी का होईना, नृत्याचे कार्यक्रम भरविण्यास मनाई केली होती. आणि १७ डिसेंबर २०१४ रोजी पोप फ्रान्सिस यांच्या वाढदिवशी संत पेत्राच्या चौकापाशी शेकडो जोडप्यांनी टँगो केला. तरुणपणी आपणही टँगो करीत असू, असे पोप महोदयांनी पूर्वीच सांगितले होते. काळाप्रमाणे कल कसा बदलत गेला, ते यावरून दिसते. वेळेचे पथ्य मात्र आजही पाळले जाते. पणजीच्या क्लब नासिओनालमधील कार्निव्हलचा प्रसिद्ध लाल-काळा बॉल मंगळवारी होतो, आणि दुसऱ्या दिवशी, राखेच्या बुधवारी, उपवासकाळ सुरू होतो.

पवित्र शास्त्रातही कराराच्या कोशापुढे नाचणारा दावीद आहे, आणि खिडकीतून त्याच्याकडे पाहून तुच्छतेने बोलणारी मीखलही आहे (२ शमुवेल ६). दावीद तेथे एकटाच नाचत होता असे नाही, पण त्याला जोडीदार लागला नव्हता, हे खरे.

विधवा भगिनींची अडचण याहून वेगळी आणि अधिक कठीण आहे. गोव्याच्या ख्रिस्ती घरांतून पतीच्या निधनानंतर दीर्घकाळ, कधी जन्मभर, काळे वस्त्र नेसण्याची आणि संगीत-नृत्यापासून दूर राहण्याची रीत होती. महाराष्ट्रातील इतर समाजांत बांगड्या आणि कुंकवाची प्रथा होती, तिचा आपल्या घरांवर काहीच परिणाम झाला नाही असे म्हणवत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांना अपमानित करणाऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. ठरावाने कुंकू पुसणे थांबते; पण समारंभात मागच्या रांगेतील खुर्ची आपणहून शोधण्याची सवय कोणता ठराव मोडणार? आमच्या मनात एक तुलना नेहमी येते. नाशिकरोड येथे बाळ येशूच्या यात्रेला हजारो भाविक येतात, त्यांत एकट्या आलेल्या स्त्रिया असंख्य असतात. "एकट्याच का आलात?" असे त्यांना कोणी विचारीत नाही. दुःखात एकटे असणे आपल्याला मान्य आहे. आनंदात एकटे असणे मात्र आपल्याला खटकते, आणि हे बदलण्याची जबाबदारी एकट्या येणाऱ्यापेक्षा आधीच सभागृहात बसलेल्या जोडप्यांवर अधिक आहे असे आमचे मत आहे. पत्नीने पतीला म्हणावे, "जा, त्यांना एक फॉक्सट्रॉट विचार." जुन्या घरांत हे न सांगता घडत असे.

आता पायांविषयी. अनेक वर्षांनंतर पाऊल आठवेल का, अशी शंका येते. सायकल चालविणे किंवा पोळी लाटणे जसे विसरत नाही, तशीच ही हालचालींची स्मृती असते. ती शब्दांच्या आठवणींहून अधिक टिकाऊ असते. विसर पडतो तो दमाचा. तेव्हा जाण्यापूर्वी पंधरा दिवस घरातच, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, एक-दोन-तीन मोजीत रोज दहा मिनिटे चालावे. रबरी तळव्याचे खेळाचे बूट घालू नयेत. ते फरशीला चिकटतात, पाऊल थांबते आणि गुडघा पिळवटतो. जुने बूट ट्रंकेतून काढाल तर तळवा सुटलेला नाही ना, हे आधी पाहावे, कारण वर्षानुवर्षे बंद राहिलेला तळवा नेमका दुसऱ्या गाण्यात निखळून येतो. गुडघ्याचे किंवा हृदयाचे दुखणे असेल तर डॉक्टरांना विचारूनच जावे.

वैद्यकीय बाजूने एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. डॉ. जो वर्गीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमधील पंचाहत्तर वर्षांवरील ४६९ व्यक्तींचा काही वर्षे मागोवा घेतला. २००३ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वाचन, वाद्यवादन, पटावरील खेळ यांच्या जोडीला शारीरिक व्यायामांपैकी केवळ नृत्य हे स्मृतिभ्रंशाचा धोका कमी असण्याशी निगडित आढळले. चालणे किंवा पोहणे नव्हे. नाचल्यामुळेच स्मृती टिकली, की स्मृती शाबूत असलेलीच माणसे नाचत राहिली, हे अशा अभ्यासातून सिद्ध होत नाही. पण ताल ऐकणे, पाऊल आठवणे, समोरच्याचा अंदाज घेणे आणि गर्दीतून वाट काढणे हे सारे एकाच वेळी करावे लागते, हे तर नाचलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

उभे कुठे राहायचे, याचे उत्तर मग असे. वेळेच्या आधी पोहोचावे. सभागृह अर्धे रिकामे असताना आत शिरणे सोपे असते. भरलेल्या सभागृहात एकट्याने शिरताना दार फार रुंद वाटते. प्रथम एमसीला किंवा यजमानांना भेटून आपण एकटे आलो आहोत हे मोकळेपणाने सांगावे. दाराजवळ बसू नये, तेथून परतण्याचा मोह होतो. भिंतीच्या कोपऱ्यातही बसू नये. फरशीच्या कडेला, जेथून जोड्या जवळून जातात आणि ओळख देऊ शकतात, तेथे बसावे किंवा उभे राहावे. पहिली दोन-तीन गाणी नुसती पाहावीत. सर्व जोड्या घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरत असतात, वेगाने नाचणारे बाहेरच्या कडेने आणि सावकाश नाचणारे मध्याकडे. ही रहदारी एकदा डोळ्यांत बसली की धक्के लागत नाहीत. सुरुवात संथ फॉक्सट्रॉटने करावी, जाइव्हने नव्हे. आज स्त्रीने पुरुषाला विचारण्यात काहीच गैर मानले जात नाही. पुरुषाचा उजवा हात स्त्रीच्या पाठीवर, डाव्या खांद्याच्या फऱ्यापाशी असतो. तो तेथेच राहिला पाहिजे. ज्याच्या तोंडाला मद्याचा वास येतो त्याला "आता नको" म्हणण्याचा अधिकार प्रत्येकीला आहे, आणि त्यासाठी कारण देण्याची गरज नाही.

परतीचा विचार आधी करावा. पूर्वी हे कार्यक्रम पहाटेपर्यंत चालत. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि वर्षातील मोजक्याच दिवशी शासन ही सवलत मध्यरात्रीपर्यंत देते. मोकळ्या मैदानावरील नाताळची मिस्साही त्यामुळे अनेक धर्मग्रामांत लवकर होऊ लागली. बंदिस्त सभागृहात कार्यक्रम उशिरापर्यंत चालू शकतो, पण निफाडकडे परतणाऱ्याला त्या वेळी गाडी मिळतेच असे नाही. रात्री मुक्काम कोठे करावयाचा हे ठरल्याशिवाय निघू नये.

त्या भगिनी गेल्या. एमसीच्या टेबलाशेजारी, फरशीच्या कडेला त्यांना खुर्ची मिळाली. दोन फॉक्सट्रॉट नाचल्या, त्यांतला एक भाचीच्या वयस्कर सासऱ्यांबरोबर, आणि पॉल जोन्समध्ये एका शाळकरी मुलासमोर थांबल्या. त्याला काहीच येत नव्हते, म्हणून त्यालाच शिकविले. एका वॉल्ट्झला मात्र त्या बसून राहिल्या. ते गाणे त्यांच्या लग्नात वाजले होते. एक गृहस्थ विचारण्यास आले, त्यांना त्यांनी पुढच्या गाण्याला यावयास सांगितले, आणि ते आले. दुसऱ्या दिवशी नाशिकरोडला उतरल्यावर त्यांनी दूरध्वनी केला, तेव्हा नृत्याविषयी फार बोलल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या की सभागृहातून घामेजून बाहेर पडले आणि शाल बॅगेत अगदी तळाशी राहिली होती. पुढच्या खेपेला वरच ठेवीन.